विश्लेषण : मेंदूतील गाठीचा आकार मोजायचा की रक्तपुरवठा?

मेंदूच्या कर्करोगावरचे किरणोपचार संपतात, महिन्याभराने पहिला एमआरआय होतो आणि अहवालात लिहिलेले असते, 'गाठ आधीपेक्षा मोठी'. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. औषध बदलायचे का, पुन्हा शस्त्रक्रिया करायची का, की आता काही उपयोग नाही असे समजून रुग्णाला घरी न्यायचे, हे प्रश्न त्याच दिवशी उभे राहतात. पण या टप्प्यावर मोठी दिसणारी प्रत्येक गाठ खरोखर वाढलेली नसते आणि लहान दिसणारी प्रत्येक गाठ आटोक्यात आलेली नसते. हा फरक ओळखायला गाठीचा आकार पुरत नाही. तिला रक्त किती आणि कसे मिळते, हे पाहावे लागते. ते पाहण्याचे तंत्र तीन दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे. उणीव आहे ती ते नेमाने आणि एकाच पद्धतीने वापरण्याची.

प्रश्न कोणत्या गाठीचा आहे?

मेंदूतल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. काही सौम्य असतात, काही शरीरातल्या दुसऱ्या कर्करोगातून तिथे पोहोचलेल्या असतात. मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. तो सर्वांत आक्रमक प्रकारांपैकी एक आहे. त्याच्या पेशी आसपासच्या निरोगी मेंदूत मुळांसारख्या पसरतात, त्यामुळे शस्त्रक्रियेत दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी काही पेशी मागे राहतातच.

आजची प्रमाणित उपचारपद्धती २००५ मध्ये ठरली. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर नुसते किरणोपचार आणि किरणोपचारांसोबत टेमोझोलोमाइड या गोळ्या, अशी तुलना झाली. नुसत्या किरणोपचारांनंतर आयुर्मानाचा मध्यांक १२.१ महिने होता, गोळ्यांची जोड दिल्यावर तो १४.६ महिने झाला. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे सरासरी फायदा अडीच महिन्यांचा दिसला, तरी काही रुग्णांना तो बराच मोठा मिळाला.

हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. ज्या आजारात हातातला काळ महिन्यांत मोजला जातो, तिथे चुकीच्या निर्णयाने वाया गेलेले दोन महिनेही फार मोठे असतात. चालू असलेले योग्य औषध बंद होणे किंवा निरुपयोगी औषध चालू राहणे, दोन्हींची किंमत रुग्ण मोजतो.

गाठ आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध काय?

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो वापरतो. एवढी गरज भागवायला रक्ताचा अखंड पुरवठा लागतो. कर्करोगाच्या पेशीही याला अपवाद नाहीत. गाठ एकदोन मिलिमीटरची होईपर्यंत आसपासच्या रक्तवाहिन्यांतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तिचे भागते. त्यापुढे वाढायचे तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात.

बोस्टनमधले शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हीच कल्पना मांडली. गाठ काही रासायनिक संदेश सोडून नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे हा संदेश अडवला तर गाठीची उपासमार करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांना ते तेव्हा पटले नाही. पुढे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सापडले आणि असा संदेश खरोखर असतो हे स्पष्ट झाले. ग्लायोब्लास्टोमा हे प्रथिन भरपूर प्रमाणात तयार करतो.

मात्र घाईने तयार झालेल्या या रक्तवाहिन्या धड नसतात. शहराच्या कडेला रातोरात उभ्या राहिलेल्या वस्तीतली नळजोडणी आठवा. पाइपांचे जाळे मोठे, पण कुठे वळणे, कुठे गळती, कुठे दाबच नाही. गाठीतल्या वाहिन्या अशाच वाकड्यातिकड्या, फुगलेल्या आणि गळक्या असतात. त्यामुळे गाठीत रक्त भरपूर साठलेले असूनही तिच्या काही भागांत प्राणवायू पोहोचत नाही. वाहिन्यांत 'साठलेले' रक्त आणि त्यांतून 'वाहणारे' रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखातला बराचसा गुंता याच फरकाभोवती आहे.

नेहमीचा एमआरआय काय दाखवतो?

रुग्णाच्या शिरेत गॅडोलिनियम असलेले औषध टोचून एमआरआय केला जातो. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की हे औषध बाहेर पडत नाही. जिथे ही तटबंदी फुटलेली असते तिथे ते बाहेर झिरपते आणि तो भाग चित्रात पांढरा उजळ दिसतो. डॉक्टर या उजळ भागाची लांबी-रुंदी मोजतात आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहतात. 'गाठ वाढली' किंवा 'गाठ कमी झाली' हा शेरा बहुतेक वेळा या मोजमापावर आधारलेला असतो.

अडचण अशी, की उजळ भाग म्हणजे गाठ नव्हे. उजळ भाग म्हणजे गळती. गळती गाठीमुळे होऊ शकते, तशी किरणोपचारांनी रक्तवाहिन्यांना इजा झाल्यामुळेही होऊ शकते. उलट, गळती थांबवणारे औषध दिले तर उजळ भाग नाहीसा होतो, गाठ मात्र तिथेच असू शकते.

'खोटी वाढ' आणि 'खोटी सुधारणा' म्हणजे काय?

किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड एकत्र दिल्यानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत काही रुग्णांच्या चित्रात उजळ भाग वाढलेला दिसतो. औषध तेच ठेवले तरी पुढच्या काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. याला 'स्यूडोप्रोग्रेशन' म्हणतात, म्हणजे खोटी वाढ. वेगवेगळ्या अभ्यासांत तिचे प्रमाण वेगवेगळे आढळले आहे. साधारणपणे पाचांतल्या एका रुग्णापासून तिघांतल्या एकापर्यंत ते जाते. ही दुर्मीळ घटना नाही.

त्यातही एक बाब अधिक गंभीर आहे. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचे जनुक मेथिलेशनमुळे बंद पडलेले असते, त्यांच्यावर टेमोझोलोमाइड अधिक चांगले काम करते. खोटी वाढ याच रुग्णांत जास्त दिसते. म्हणजे ज्यांना औषध लागू पडते आहे, नेमके त्यांचेच चित्र घाबरवणारे असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी 'औषध फसले' असे समजून ते थांबवले तर लागू पडणारा उपचारच आपण काढून घेतो.

दुसरी बाजू 'स्यूडोरिस्पॉन्स'ची, म्हणजे खोट्या सुधारणेची. व्हीईजीएफ अडवणारे औषध दिल्यावर एकदोन दिवसांतच गळती कमी होऊ लागते, सूज उतरते, चित्र स्वच्छ दिसते. नातेवाइकांना हायसे वाटते. पण वाहिन्या गळायच्या थांबल्या म्हणजे पेशी मेल्या, असे होत नाही.

या गोंधळामुळे २०१० मध्ये 'रॅनो' नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आले. किरणोपचारांनंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, किरण दिलेल्या भागातच उजळपणा वाढला असेल तर केवळ तेवढ्यावरून आजार वाढल्याचे ठरवू नये, असे त्यांत सांगितले गेले. नियम योग्य आहे. पण तो थांबायला सांगतो, थांबताना काय पाहायचे याचे पुरेसे उत्तर देत नाही. वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत ज्यांची गाठ खरोखर वाढते आहे, त्यांचे काय? इथे रक्तपुरवठ्याचे मोजमाप उपयोगी पडते.

रक्तपुरवठा मोजतात कसा?

मेंदूतल्या गाठीचा माग रक्तवाहिन्यांवरून काढण्याची कल्पना जुनी आहे. लिस्बनमधले मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये मानेतल्या धमनीत क्ष-किरणांत दिसणारे द्रावण टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे चित्र पहिल्यांदा मिळवले. वाहिन्या कुठे सरकल्या आहेत, कुठे गुंतागुंत झाली आहे, यावरून गाठीची जागा हुडकणे हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. सीटी स्कॅन येईपर्यंत अनेक दशके ही पद्धत वापरली गेली.

आजचे तंत्र आहे 'परफ्युजन एमआरआय'. त्याचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार असा, की गॅडोलिनियम शिरेत वेगाने सोडतात आणि ते मेंदूतून पहिल्यांदा जात असताना साधारण दर सेकंदाला एक याप्रमाणे चित्रे काढतात. औषध ज्या भागातून जाते तिथला एमआरआयचा संकेत क्षणभर खाली येतो. तो किती खाली आला यावरून त्या भागात रक्ताचे आकारमान किती, हे काढता येते. औषध किती वेगाने आले आणि गेले, यावरून प्रवाहाचा अंदाज येतो. गाठीतला आकडा समोरच्या बाजूच्या निरोगी मेंदूशी ताडून गुणोत्तर काढतात. ते एक आले तर रक्त निरोगी भागाइतके, तीन आले तर तिप्पट. ही मोजणी दोन मिनिटांच्या आसपास होते. तेच यंत्र, तीच भेट आणि तेच औषध यांत वापरले जाते.

दुसऱ्या एका प्रकारात औषध टोचावेच लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण करून ते मेंदूत कुठे पोहोचते हे पाहतात. मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि ज्यांची तपासणी वारंवार करावी लागते त्यांच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे.

खोटी वाढ ओळखण्याचे तत्त्वही साधे आहे. किरणांनी भाजलेल्या भागात गळती असते, पण नव्या वाहिन्यांचे जाळे नसते, म्हणून तिथले रक्ताचे आकारमान कमी येते. खरोखर वाढणाऱ्या गाठीत गळतीही असते आणि जाळेही, म्हणून ते जास्त येते. नेहमीच्या एमआरआयमध्ये दोन्ही सारखीच पांढरी दिसतात, परफ्युजनमध्ये बहुधा वेगळी दिसतात.

जास्त रक्त म्हणजे वाईटच का?

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मेंग लॉ आणि सहकाऱ्यांनी ग्लायोमाच्या १८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीतल्या रक्ताच्या आकारमानाचे गुणोत्तर १.७५ पेक्षा जास्त असलेल्यांचा आजार बराच लवकर वाढला, त्याहून कमी असलेल्यांचा उशिरा. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कोणत्या श्रेणीची दिसते, याच्या पलीकडची माहिती या एका आकड्यातून मिळत होती. कारणही समजण्यासारखे आहे. बायोप्सीत गाठीचा एखादा तुकडाच तपासला जातो. तो तुकडा गाठीच्या कमी आक्रमक भागातून आला तर निदान सौम्य निघते. परफ्युजनचे चित्र सगळ्या गाठीचे असते, त्यामुळे बायोप्सी कुठून घ्यावी हे ठरवायलाही ते कामाला येते.

तरीही हा आकडा डोळे मिटून वापरता येत नाही. मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणातून येणारी, बहुतेकदा सौम्य गाठ, पण तिच्यात रक्त भरपूर असते. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हा तुलनेने हळू वाढणारा प्रकार, पण त्याच्यात बारीक रक्तवाहिन्यांची दाट जाळी असल्याने आकडा जास्त येऊ शकतो. याउलट मेंदूतला लिम्फोमा आक्रमक असतो, पण त्याचे रक्ताचे आकारमान फार वाढलेले नसते. म्हणजे आकडा कोणत्या गाठीचा आहे आणि कोणत्या वेळचा आहे, हे माहीत नसेल तर त्याला अर्थ नाही.

रक्त तोडून पाहिले तेव्हा काय झाले?

फोकमन यांच्या कल्पनेची कसोटी पाहण्याची संधी बेव्हासिझुमॅब या औषधाने दिली. ते व्हीईजीएफला अडवते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी त्याला मान्यता दिली. युरोपच्या नियामकाने या आजारासाठी ती दिली नाही.

नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले. त्यांपैकी एकीत, आजार वाढण्यापूर्वीचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांवर गेला. हा आकडा आशा वाढवणारा होता. पण आयुर्मान? औषध घेतलेल्यांचे १६.८ महिने, न घेतलेल्यांचे १६.७. दुसऱ्या चाचणीतही एकूण आयुर्मानात फायदा दिसला नाही.

चित्र सुधारले, आयुष्य वाढले नाही. औषध अगदीच निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. सूज कमी करणे, स्टेरॉइडची गरज घटवणे, किरणोपचारांमुळे झालेल्या इजेवर उपचार करणे, यासाठी ते आजही वापरले जाते आणि त्याने काही रुग्णांचे दिवस सुसह्य होतात. पण हे महागडे औषध 'गाठ विरघळली' या समजुतीवर महिनोन्महिने घेतले जात असेल, तर कुटुंबाला त्या चित्राचा खरा अर्थ सांगितला गेला पाहिजे.

बोस्टनमधले उलटे निरीक्षण कोणते?

आयआयटी कानपूरमध्ये केमिकल इंजिनीअरिंग शिकलेले आणि पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधन करणारे राकेश जैन यांनी २००१ मध्ये एक वेगळी कल्पना मांडली. गाठीच्या वाहिन्या नष्ट करण्याऐवजी व्हीईजीएफविरोधी औषधाने त्या काही काळ 'सुधारता' येतील. जास्तीच्या वाहिन्या गळून पडतील, उरलेल्या नीट वाहू लागतील, आणि त्यांतून प्राणवायू व औषध गाठीपर्यंत अधिक चांगले पोहोचेल. किरणोपचारांना प्राणवायू लागतो. प्राणवायू नसलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. गाठ मारायला आधी तिचा रक्तप्रवाह सुधारायचा, हे ऐकायला उफराटे वाटते, पण त्यामागे हा हिशेब आहे.

ही कल्पना रुग्णांत खरी ठरते का, हे मेंदूच्या चित्रांतूनच तपासता येणार होते. जैन यांच्या सहकाऱ्यांनी सेडिरानिब हे व्हीईजीएफचा संदेश अडवणारे औषध घेणाऱ्या रुग्णांचे एमआरआय वारंवार केले. २०१२ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारांनंतर ज्यांच्या गाठीतला रक्तप्रवाह वाढला ते रुग्ण इतरांपेक्षा जास्त काळ जगले.

हे अभ्यास लहान होते, काही डझन रुग्णांचे. सेडिरानिब पुढे मोठ्या चाचणीत उपयुक्त ठरले नाही. पण त्यातून मिळालेला धडा मोलाचा आहे. एकच औषध घेणाऱ्या रुग्णांत काहींच्या वाहिन्या सुधारतात, काहींच्या नुसत्या बंद होतात. सगळ्यांची सरासरी काढली की फायदा दिसेनासा होतो.

हे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत का?

वरवर पाहता आहेत. बेव्हासिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांवरच्या, अनेक केंद्रांत झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात दोन आठवड्यांनी रक्ताचे आकारमान वाढलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळले. एकीकडे 'रक्त वाढले तर चांगले', दुसरीकडे 'रक्त वाढले तर वाईट'. मग वाचकाने काय समजायचे?

पहिल्या अभ्यासात भर होता प्रवाहावर, दुसऱ्यात साठलेल्या रक्ताच्या आकारमानावर. वाहिन्यांचे फुगलेले जाळे आकसले आणि उरलेल्या वाहिन्या नीट वाहू लागल्या, तर आकारमान कमी होऊनही प्रवाह वाढू शकतो. औषधे वेगळी, मोजण्याची वेळ वेगळी. नळजोडणीच्या उदाहरणात सांगायचे, तर एकाने पाइपांची लांबी मोजली, दुसऱ्याने घरात येणारे पाणी. दोन्ही मोजमापे खरी आहेत. ती एकाच नावाखाली, 'रक्तपुरवठा वाढला' अशा एका वाक्यात कोंबली की घोळ होतो.

म्हणून परफ्युजनच्या अहवालात 'रक्तपुरवठा वाढलेला' एवढेच लिहिणे पुरेसे नाही. काय मोजले, कशाच्या तुलनेत मोजले आणि आधीच्या वेळी ते किती होते, हे लिहिले पाहिजे.

मग हे सर्रास का होत नाही?

काही कारणे तांत्रिक आहेत. शस्त्रक्रियेनंतर साचलेले रक्त, धातूच्या पट्ट्या, कवटीच्या तळाजवळची हाड आणि हवेची सीमा, यांमुळे संकेत बिघडतो. औषध गाठीतून गळत असेल तर आकारमान चुकीचे येते आणि त्यासाठी गणितात दुरुस्ती करावी लागते. वेगवेगळी यंत्रे आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरली तर एकाच रुग्णाचे आकडेही वेगळे येऊ शकतात. एका केंद्रातला १.७५ हा आकडा दुसऱ्या केंद्रात जसाच्या तसा चालत नाही.

पण ही अडचण सुटणारी आहे. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी परफ्युजन एमआरआय कसा करावा, याची एकमताने मान्य केलेली पद्धत प्रसिद्ध केली. औषधाचे प्रमाण, चित्रे काढण्याची गती, गळतीची दुरुस्ती, सगळे त्यात आहे. ते अमलात आणायला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, शिस्त आणि अहवाल लिहिण्याची ठरावीक पद्धत लागते.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. आजारच असा असेल की उपचारांचे पर्याय मोजके, तर अधिक अचूक चित्र काढून साधणार काय? स्कॅन हा उपचार नाही, हे खरे. त्याने गाठीची एकही पेशी मरत नाही. पण मोजक्या पर्यायांपैकी कोणता केव्हा वापरायचा, हा निर्णय प्रत्येक रुग्णाबाबत घ्यावाच लागतो. तो अंदाजाने घ्यायचा की मोजून, एवढाच पर्याय आपल्यासमोर आहे. खोट्या वाढीवरून झालेली अनावश्यक शस्त्रक्रिया किंवा खोट्या सुधारणेवरून चालू राहिलेले महागडे औषध यांचा खर्च दोन मिनिटांच्या जास्तीच्या मोजणीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पर्याय कमी असतात तेव्हाच त्यांचा नेम चुकू न देणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रात आणि देशात काय करता येईल?

आपल्याकडे गुंतागुंतीच्या कर्करोगाचे रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबई-पुण्याकडे येतात. शस्त्रक्रिया एका शहरात, किरणोपचार दुसऱ्या, एमआरआय गावाजवळच्या तिसऱ्याच केंद्रात, हा अनेकांचा अनुभव आहे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च पाहता ते स्वाभाविकच आहे. पण याचा परिणाम असा होतो, की तीन चित्रे तीन पद्धतींनी काढलेली असतात आणि त्यांची तुलना करणे कठीण जाते. पिशवीत फिल्म असते, मूळ डिजिटल माहिती मात्र बऱ्याचदा नसते.

टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातली शेकडो रुग्णालये आणि संस्था आहेत. देशभरात उपचारांचा दर्जा समान असावा, हाच तिचा उद्देश आहे. मेंदूच्या गाठींच्या पाठपुराव्यासाठी परफ्युजनसह एमआरआयची एकच ठरावीक पद्धत आणि अहवालाचा एकच नमुना या जाळ्यामार्फत सर्व केंद्रांपर्यंत पोहोचवता येईल. सरकारी आरोग्य योजनांनीही केवळ 'एमआरआय, कॉन्ट्रास्टसह' एवढ्या नोंदीवर न थांबता मेंदूच्या कर्करोगात तपासणी नेमकी काय असावी हे ठरवून द्यावे. खर्चात फार भर न पडता दर्जा वाढवण्याचा हा मार्ग आहे.

रुग्णाच्या घरच्यांनी काय विचारावे?

निर्णय डॉक्टरांचाच असतो आणि असावा. पण योग्य प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचे कामही सोपे होते.

पहिला एमआरआय किरणोपचारांनंतर किती आठवड्यांनी झाला आहे? तीन महिन्यांच्या आतला असेल आणि गाठ मोठी दिसत असेल, तर ही खोटी वाढ असू शकते का, हे विचारावे.

या तपासणीत परफ्युजन केले आहे का? नसेल तर पुढच्या वेळी करता येईल का? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगावा.

तुलना कोणत्या चित्राशी केली आहे? शस्त्रक्रियेआधीच्या नव्हे, तर किरणोपचारांनंतरच्या पहिल्या चित्राशी तुलना होणे अधिक उपयुक्त असते. २०२३ मध्ये सुधारलेल्या 'रॅनो' निकषांतही हाच आधार मानला आहे.

शक्य असेल तितक्या वेळा एकाच केंद्रात आणि त्याच यंत्रावर तपासणी करावी. फिल्मबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ माहिती मागून घ्यावी आणि तारखेप्रमाणे जपून ठेवावी. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस केव्हा वाढवला, केव्हा कमी केला, याची नोंदही सोबत असावी, कारण त्याचाही चित्रावर परिणाम होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाची प्रकृती. बोलणे, चालणे, झोप, फिट येणे, यांत काय बदल झाला, हे घरच्यांइतके कुणालाच ठाऊक नसते. चित्र बिघडले पण माणूस ठीक आहे, किंवा चित्र सुधारले पण माणूस खालावतो आहे, असे दिसले तर ते आवर्जून सांगावे. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाबाबत कुठलाही मोठा निर्णय एका दिवसाच्या एका चित्रावर होऊ नये. रक्तपुरवठ्याचा आकडा, आधीची चित्रे आणि समोरचा माणूस, तिन्ही एकत्र पाहूनच तो व्हायला हवा.